बाबांनी एसी बंद केला

आमच्या घरात बियर होती, पण ती फक्त बाबांची. रविवारी दुपारी ते गॅलरीत खुर्ची टाकायचे, घराकडे पाठ करून बसायचे आणि एक ग्लास संपवून मगच जेवायला आत यायचे. आम्ही मुलांनी तिकडे बघायचं नाही आणि पुढे मुलं प्यायला लागली तर ते बाबांनी बघायचं नाही, असा अलिखित करार होता. माझी चाळिशी उलटली तरी तो टिकून होता. त्यामुळे मी घरी बियर करायला लागलो, तेव्हा तिला आम्ही दोघंही 'प्रयोग' म्हणायचो.

आणि एक दिवस पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले, "पंच्याहत्तरीला तुझा प्रयोग पिऊ. दोघं."

मी हवेतच गेलो. बेल्जियन पद्धतीची करायची ठरवली, फळांच्या वासाची, जरा कडक. यीस्टचं पाकीट मागवलं आणि काचेच्या बरणीत, माल्टच्या गोड पाण्यात सोडलं. याला स्टार्टर म्हणतात. विरजणच म्हणा ना. ते जागं झालं की मग मोठ्या बादलीत घालायचं. पण विरजण ढिम्म. बोरिवलीच्या उकाड्यात बिचारं मरेल म्हणून मी बरणी बेडरूममध्ये ठेवून एसी अठरावर लावला होता. येता-जाता बरणी हलवायचो, कान लावायचो. बायको म्हणाली, भूपाळी म्हणून बघ. दुसरं पाकीट मागवावं, तर बियर वाढदिवस उलटून गेल्यावर तयार होणार. आणि बाबा पुन्हा कधी असं म्हणतील याची मला मुळीच खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बेडरूमची खिडकी सताड उघडी आणि एसी बंद. बाबा दुपारी तिथे आडवे झाले होते, गारठ्याने गुडघे धरले म्हणून त्यांनीच तो बंद केला होता. मी भडकून तोंड उघडणार, तेवढ्यात बरणीकडे लक्ष गेलं. वरची फॉइल ढकलून फेस टेबलावर उतरला होता आणि खोलीभर पिकल्या केळ्यांचा वास सुटला होता. त्या यीस्टला ऊबच हवी होती आणि मी त्याला मुंबईपासून वाचवत बसलो होतो. मी बाबांना मिठीच मारली. ते म्हणाले, आधी टेबल पूस.

वाढदिवसाला दोन ग्लास भरून मी गॅलरीत गेलो. बाबा नेहमीसारखे पाठ करून बसले होते. ते उठले, खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे तोंड करून बसत त्यांनी ग्लाससाठी हात पुढे केला.