लहूचं खोकं

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत लहूने कुठल्याही वाद्याला हात लावला नव्हता. लावायचा नाही, असा घरचा दंडकच होता. त्याचे वडील जयप्रकाश, नांदेडचे निवृत्त मास्तर, पोरांनी नुसतं टेबलावर बोटं वाजवली तरी डोळे वटारत. जयप्रकाशांच्या वडिलांच्या गळ्यात गावाने डफडं अडकवलं होतं. वरात असो की मयत, पुढे वाजवत चालायचं आणि शेवटी उष्टं घेऊन घरी यायचं. एकोणिसाव्या वर्षी जयप्रकाशांनी ते डफडं अंगणात जाळलं. गावाने वर्षभर वाळीत टाकलं, पण डफडं पुन्हा घरात आलं नाही.

लहू शिकला, आयटीत गेला आणि नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला घर घेऊन स्थिरावला. दहा वर्षांच्या लेकीला, तेजलला मात्र त्याने यातलं एक अक्षरही सांगितलं नाही. इथे कोण विचारतंय, म्हणे. सोयीचं गप्प बसणं माणसाच्या किती लवकर अंगवळणी पडतं.

तेजल जवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीनला पेरू देशाचा नाच शिकायला जायची. शिकवणारी नोएमी लिमाजवळच्या किनाऱ्यावरची, काळ्या लोकांच्या वस्तीतली. कोरोनाने हॉल बंद पाडला, तेव्हा उन्हाळ्यात तिने वर्ग बागेत भरवला. या नाचात एकमेकांना हात लावायचा नसतो, त्यामुळे दीड मीटरचा नियम आपोआप पाळला जाई. अडचण एकच होती. तिचा वादक लिमात अडकला होता. तेजलला न्यायला आलेला, सायकलच्या सीटवर बोटं वाजवत उभा असलेला लहू तिला दिसला. तिने एक लाकडी खोकं त्याच्यापुढे सरकवलं. "यावर बस आणि पुढच्या फळीवर वाजव. याला काहोन म्हणतात."

पहिल्याच दिवशी ठेका त्याच्या हाताला सापडला. नोएमी म्हणाली, "आमच्या लोकांना गुलाम करून आणलं. मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले. मग त्यांनी मालाची खोकी वाजवली."

लहूला आजोबा आठवले. तिकडे वाद्य हिसकावून घेतलं, इकडे गळ्यात बांधलं. मालक मात्र दोन्हीकडचे सारखेच.

मग त्याला वेडच लागलं. घरून काम करताना दोन मीटिंगच्या मधे तो खोक्यावर बसे. डिसेंबरात त्याने फोनवर वडिलांना सगळं सांगून टाकलं, खोक्याची गोष्टही सांगितली.  दोन आठवड्यांनी जयप्रकाश म्हणाले, "तुमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात वाजवणार आहेस ना? ऐकतो. एकदाच."

लहूला दुसरं काही नको होतं. हे ते डफडं नव्हे, एवढं बाबांनी म्हणावं, बस्स.

कार्यक्रम अर्थातच ऑनलाइन होता. स्क्रीनच्या चौकटींमधून साठ घरं तिळगूळ घेऊन बसली होती आणि एका चौकटीत जयप्रकाश, इस्त्रीचा सदरा घालून, ताठ. लहूने वाजवलं आणि तेजल घोळदार झगा उडवत नाचली. इतकं चांगलं त्याने आधी कधी वाजवलं नव्हतं. संपलं तेव्हा जयप्रकाशांचा चेहरा सैल झाला होता. ते काहीतरी बोलण्यासाठी माइकचं बटण शोधत होते.

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष नीळकंठराव बोलले. वाईट माणूस नव्हे, गेल्या मार्चमध्ये त्यांनीच लहूच्या घरी डबे पोचवले होते. मनमोकळं हसून म्हणाले, "काय हात आहे हो तुमचा, लहू. अर्थात, तुमच्याकडे ते रक्तातच असणार. आमच्यासारख्यांना नाही जमायचं हे."

साठ चौकटींमध्ये टाळ्या झाल्या. आणि लहूच्या तोंडून निघून गेलं, "थँक्यू."

सवयीने. इतकी वर्षं ऑफिसात प्रत्येक कौतुकाला म्हणतो तसं. शब्द बाहेर पडला. तो परत घेता येईना.

तेजलला तर आनंद मावेना. ती स्क्रीनपाशी धावली. "आजोबा, ऐकलं तुम्ही? अंकल म्हणाले, इट्स इन अवर ब्लड."

जयप्रकाशांना एव्हाना बटण सापडलं होतं. नातीकडे बघून ते हसले. "तू फार छान नाचलीस, बाळा. तुझा बाबाही छान वाजवतो." जरा थांबून म्हणाले, "थँक्यू तर त्याहून छान म्हणतो."

आणि त्यांची चौकट काळी झाली.

त्यानंतरही दर रविवारी फोन होतो. ते हवापाण्याचं विचारतात, लशीचं विचारतात. खोक्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

नोएमीने तीन निरोप पाठवले. लहूने कामाची सबब सांगितली. खोकं आता दाराशी असतं. तेजल शाळेत जाताना त्यावर बसून बूट घालते. तिने विचारलं तर सगळं सांगायचं, असं त्याने ठरवलं आहे. पण ती विचारत नाही. कौतुकच तर होतं ते, त्यात विचारायचं काय?

कधी कधी बूट घालताना तिची टाच खोक्यावर ठेका धरते, अगदी बरोबर. तेव्हा लहू स्वयंपाकघरात असतो. तो नळ मोठा सोडतो.