शून्य शिल्लक

एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला कापसावर काम करायचं होतं. त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात येणाऱ्या प्रत्येकालाच कापसावर काम करायचं होतं. बाहेरगावची माणसं जीप करून यायची, झाडाखाली बसून फॉर्म भरून घ्यायची आणि निघून जायची. लोक इतके सरावले होते, की कोणी वही-पेन घेऊन आलं की खाट टाकायचे आणि आधीच विचारायचे, या खेपेला कोणता फॉर्म आहे. माझं घर दारव्ह्याकडचं, शेती कापसाचीच. त्यामुळे मला वाटायचं, मी जे करीन ते या फॉर्मवाल्यांपेक्षा कामाचं असेल.

माझा विषय होता सिम्युलेशन. आईला मी तो असा समजावला होता: संगणकाच्या आत एक खोटं खरेदी केंद्र उभं करायचं. खऱ्या केंद्रावर येतात तशाच तिथंही कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, येतात, कधी दहा, कधी शंभर. किती येतील ते संगणक फासे टाकून ठरवतो, पण ते फासे खऱ्या आकड्यांवरून घडवलेले असतात. मग एकाऐवजी दोन वजनकाटे ठेवले तर रांग किती घटेल, हे काटा न आणताच बघता येतं. आई म्हणाली, म्हणजे भातुकली. मी हो म्हटलं.

खरे आकडे मिळवायला दिवाळीनंतर मी घाटंजीकडच्या एका खरेदी केंद्रावर जाऊन बसले. त्या हंगामात भाव नव्हता आणि रांगही हलत नव्हती. माणसं चार-चार दिवस बंडीजवळच राहत, तिथंच भाकर खात, बंडीखालीच आडवी होत. मी फाटकाजवळ स्टुलावर बसून आत येणाऱ्या प्रत्येक बंडीची वेळ लिहीत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास रांगेतल्या एका माणसानं बैलांना टाकायला कडब्याच्या पेंढीत हात घातला आणि झटकन मागं घेतला. "पान लागलं," एवढंच तो म्हणाला. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. त्याचं नाव घ्यायचं नाही, पान लागलं म्हणायचं.

कोणीतरी रस्त्यावरची जीप थांबवली. त्याच्या भावाला बैलांपाशी थांबणं भाग होतं, म्हणून रांगेतला एक म्हातारबुवा आणि मी त्याच्यासोबत बसलो. जवळच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर होते, नर्स होती, सलाइनही होतं. सापाच्या विषावरचं इंजेक्शन नव्हतं. नर्सनं स्टॉकचं पुस्तक उघडून आम्हाला दाखवलं. शिल्लक शून्य. डॉक्टरांनी हात बांधून सरळ यवतमाळला न्यायला सांगितलं. वाटेत त्याचा हात कोपरापर्यंत सुजला. तो मात्र सारखा म्हाताऱ्याला विचारत होता, की रांगेतला त्याचा नंबर जाईल का.

यवतमाळला इंजेक्शन मिळालं आणि तो वाचला. एक बोट वाकडं राहिलं, एवढंच. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इथं कपाटात खोकी भरून पडलेली, आणि तिथं शून्य. कापूस जसा शेतापासून गिरणीपर्यंत हाताहातानं जातो, तशीच ही काचेची कुपीही कारखान्यापासून गावापर्यंत हाताहातानं जाते. मग ती मधे कुठं अडते?

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. ते फार बोलणारे नव्हते. कापसाच्या रांगेवर पुष्कळ लोक लिहीत आहेत, तू कुप्यांची रांग बघ, असं म्हणाले आणि परवानगीच्या अर्जाचा मसुदा स्वतःच्या हातानं लिहून दिला. बंड्यांच्या वेळा लिहिलेली माझी वही कपाटात गेली.

हिवाळाभर मी एसटीनं आरोग्य केंद्रं पालथी घातली. घाटंजी, राळेगाव, मधली लहान गावं. प्रत्येक केंद्रात औषधं सांभाळणारा फार्मासिस्ट असे. तो पुस्तक काढून देई आणि मी त्यातून किती कुप्या आल्या, किती वापरल्या, मागणीपत्र कधी गेलं, माल कधी आला, ते उतरवून घेई. काहींनी चहा पाजला, काहींनी संशयानं पाहिलं. घाटंजीच्या बाजूच्या एका केंद्रातले फार्मासिस्ट पन्नाशीचे होते. त्यांच्या टेबलामागं बाबासाहेबांचा फोटो होता आणि रजिस्टरांची पाठ निळ्या कापडानं शिवलेली होती. त्यांचं अक्षर पाहून मी म्हटलं, काका, तुमचं पुस्तक सगळ्यात स्वच्छ आहे. ते नुसते हसले आणि दुसरीकडे बघू लागले. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

उन्हाळ्यात मी कॉलेजच्या लॅबमध्ये खोटा तालुका बसवला. भारनियमन होतं. वीज आली की काम, गेली की वहीवर आकडेमोड. माझ्या तालुक्यात फासे ठरवत, आज कोणत्या गावात कोणाला पान लागलं. कुप्या वापरल्या जात, मागणीपत्र वर जाई, काही दिवसांनी माल खाली येई. एक अख्खं वर्ष पाच मिनिटांत उलगडे. मी अशी शेकडो वर्षं चालवली. आणि प्रत्येक वेळी संगणक सांगे की एवढा माल जिल्ह्यात येत असेल, तर शून्य शिल्लक वर्षातून मोजक्या दिवशीच यायला हवी. पुस्तकं मात्र सांगत होती की पावसाळ्यात निम्मी केंद्रं महिना-महिना शून्यावर असतात.

मला वाटलं, माझंच चुकतंय. मी प्रोग्राम पुन्हा लिहिला. रस्ते बंद पडतात म्हणून उशीर वाढवला, कुप्या फुटतात म्हणून फूट धरली. तरी मेळ बसेना. शेवटी छापलेले कागद पिशवीत घालून मी पुन्हा त्या निळ्या रजिस्टरवाल्या काकांकडे गेले. त्यांचंच पुस्तक सगळ्यात नीट होतं, म्हणून माझी चूक तेच दाखवतील असं वाटलं.

दुपार होती, ओपीडी संपलेली. मी कागद टेबलावर पसरले. एक रेघ संगणकाची, एक पुस्तकांची. काकांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मी म्हटलं, माझं गणित कुठं चुकतंय ते सांगा. त्यांनी उठून दाराची कडी घातली आणि लस ठेवायचा फ्रीज उघडला. पोलिओच्या डोसांखालून एक बिस्किटाचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत कापडात गुंडाळलेल्या आठ कुप्या होत्या. पुस्तकात त्या दिवशी शिल्लक शून्य होती.

"तुमची मशीन बराबर हाय, बाई," ते म्हणाले. "पुस्तकं खोटी हायेत. माहं पन."

मग ते सावकाश सांगत गेले. पुस्तकात शिल्लक दिसली की वरून माल येत नाही, शून्य दिसलं की येतो. म्हणून दहा लागत असतील तर वीस मागायच्या, आणि हाती आलेल्यातल्या काही बाजूला ठेवून द्यायच्या. सगळेच करतात. त्यांनी हे कधी सुरू केलं तेही सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षांत पान लागलं म्हणून निंदणातून उचलून आणलेली एक बाई त्यांच्या व्हरांड्यातच दगावली होती, कारण त्या दिवशी खरंच शून्य होतं. तेव्हापासून त्यांच्या डब्यात कुपी नाही असा दिवस गेला नाही, आणि त्यांच्या दारातून कोणी इंजेक्शनावाचून परत गेलं नाही.

मी त्यांना खरेदी केंद्रावरच्या त्या माणसाची हकीकत सांगितली. कोणत्या केंद्रातून आम्हाला यवतमाळला पाठवलं तेही. ते खुर्चीत मागं टेकले.

"बारा किलोमीटर," ते म्हणाले. "त्या दिवशीही माह्यापाशी आठ होत्या. तिकडं मानूस पडून राह्यला, हे मले कोन सांगनार होतं? अन् माह्यापाशी हायेत, हे त्याईले कोन सांगनार होतं?"

 या माणसानं स्वतःची नोकरी माझ्या हातात ठेवली होती. त्याबदल्यात त्यांनी माझ्याकडून कसलंही वचन मागितलं नाही. उलट घरी जेवायला नेलं. त्यांच्या पत्नीनं भाकर आणि झुणका वाढला. निघताना काका एवढंच म्हणाले, की आता मशीनमध्ये खरं टाका.

मी टाकलं. खोट्या तालुक्यातल्या प्रत्येक केंद्राला एकेक डबा दिला आणि दुप्पट मागायची सवय दिली. त्या दिवशी दुपारी चारला वीज आली. पाच मिनिटांत दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. टंचाईच्या भीतीनं माणसं साठवत होती, आणि त्या साठवणीनंच टंचाई पडत होती. त्यानंतर मी सगळे डबे उघडायला लावले आणि दर सोमवारी केंद्रांनी एकमेकांना खरी शिल्लक कळवायची, असा नियम घातला. एकही कुपी न वाढवता शून्याचे दिवस जवळजवळ नाहीसे झाले. मी पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. आनंदानं मी सरांच्या घरी चालत गेले. सरांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, की तुला हे कोणी सांगितलं ते कुठं लिहिलंस का. मी नाही म्हटलं. लिहू नकोस, ते म्हणाले.

पावसाळ्याच्या तोंडावर यवतमाळला फार्मासिस्टांची बैठक होती. सरांच्या ओळखीनं मला पंधरा मिनिटं मिळाली. मी रेघा दाखवल्या, साठवणुकीचं आणि सोमवारच्या नियमाचं सांगितलं.  मधल्या खुर्चीवरच्या साहेबांनी विचारलं, की कोणत्या केंद्रात साठवलेला माल सापडला. मी म्हटलं, ते सांगता येणार नाही. त्यांचा आवाज चढला. पुराव्याशिवाय सरकारी माणसांवर आरोप करायला ही जागा नाही, असं ते म्हणाले.  तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"साहेब, माह्या केंद्रात," काका म्हणाले. "आठ हायेत. पुस्तकात नाई."

बाकी कोणी उठलं नाही. साहेबांनी त्यांना खाली बसायला सांगितलं आणि बैठक पुढं सरकली. पण चहाच्या वेळी दोन-तीन जण त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात काही बोलले. पुढच्या आठवड्यात त्यांना कारणे दाखवा नोटीस आली, आणि त्याच टपालात, दर सोमवारी केंद्रांनी एकमेकांना फोनवर शिल्लक कळवावी, असा आदेशही आला. नोटिशीला काय उत्तर दिलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, जे घडलं ते लिहिलं. ताकीद देऊन प्रकरण मिटलं.

सगळे डबे काही उघडले नाहीत. काही केंद्रं सोमवारीही खोटंच सांगत. पण बरीचशी हळूहळू खरं सांगू लागली, कारण शेजारी खरं सांगतोय हे दिसत होतं. त्या पावसाळ्यात राळेगावकडच्या एका केंद्रात चारच कुप्या उरल्या होत्या. निंदायला गेलेल्या एका बाईला दुपारी पान लागलं. डॉक्टरांनी त्या चारही दिल्या, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं, म्हणून फोन केला. शेजारच्या केंद्रातून आणखी लागणाऱ्या कुप्या थर्मासमध्ये घालून एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली झाल्या. ड्रायव्हरनं मधल्या थांब्यांवर गाडी थांबवलीच नाही, आणि एकाही उतारूनं तक्रार केली नाही.

महिन्याभरानं मी त्या बाईंना भेटायला गेले. त्या अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा तोडत होत्या. मी कोण, कशासाठी आले, हे मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तो डायवर लय भला मानूस हाय, माय. त्याले भेटलीस का तू?" मी भेटले नव्हते. मग त्यांनी मला उकडलेल्या शेंगांची पिशवी दिली, अर्धी मला आणि अर्धी ड्रायव्हरला. त्याच संध्याकाळी राळेगावच्या बसस्टँडवर मी त्याला शोधून काढलं आणि त्याचा वाटा दिला. त्यानं तिथल्या तिथं सोलून कंडक्टरलाही दिल्या.

आता मी पुण्यात एका कंपनीत याच प्रकारचं काम करते. संगणक मोठे झाले, वीज जात नाही. कोणत्या तरी गोदामाची शिल्लक आणि माझं मॉडेल जुळेनासं झालं, की मी आधी तिथल्या माणसाशी बोलायला जाते. माझ्या हाताखालची मुलं म्हणतात, मॅडमना डेटापेक्षा गप्पा आवडतात. तसं म्हणोत. मी जी काही इंजिनिअर आहे, ती एका माणसानं दाराची कडी घालून फ्रीज उघडला म्हणून आहे. सरांनी न विचारता मसुदा लिहून दिला, एका म्हातारबुवानं अनोळखी माणसाचा सुजलेला हात यवतमाळपर्यंत मांडीवर धरला, आणि पोरगी दिवसभर एसटीनं कुठं फिरते असं आईनं कधी विचारलं नाही, म्हणूनही आहे.

काका निवृत्त झाले तेव्हा मी माझ्या प्रबंधाची एक प्रत घेऊन गेले. आभाराच्या पानावर मी एका औषधनिर्माण अधिकाऱ्याचे, असं नाव न घेता लिहिलं होतं. प्रबंध इंग्रजीत, म्हणून मी ती ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग पान उलटून छापलेल्या त्या दोन रेघा काढल्या आणि निरोपासाठी जमलेल्या पाहुण्यांना दाखवू लागले, की ही पुस्तकांची आणि ही खरी. पाहुण्यांना फारसं समजत नव्हतं. ते मात्र न थकता प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते.