दोन गाड्यांचा हंगाम

आमच्या काकांइतका नियोजनबद्ध माणूस मला एकाही सरकारी कचेरीत भेटलेला नाही, आणि मी चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बहुतेक कचेऱ्यांत भांडून आलेली आहे. काका म्हणजे सख्खे नव्हेत. भद्रावतीच्या फॅक्टरीत बाबांसोबत फिटर होते. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन गेली, आणि तेव्हापासून हा माणूस दर पावसाळ्यात आपल्या भाड्याच्या खोलीत बसून जुन्या मोटरसायकलींच्या मोटोक्रॉसचा हंगाम आखतो. मोटोक्रॉस म्हणजे जिथे रस्ता नाही तिथे गाडी पळवणं. या हिशोबाने आमच्याकडची अर्धी जनता रोजच मोटोक्रॉस करते आणि तिला कोणी साधी ट्रॉफी देत नाही, हे मी काकांना सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यायच्या गाड्या नव्या असते. नियमात बसत नाई."

नियम कडक. गाडी टू-स्ट्रोकच हवी आणि माझ्यापेक्षा वयाने मोठी हवी. मैदान म्हणजे धान कापून झालेली बांधी. चारी बाजूंनी मातीचे बांध, बांध आला की गाडी उडते. पण धान उभा असतानाच लोक त्यात लाखोळीच्या डाळीचं बी फेकतात, म्हणून यंदा कोणाची बांधी रिकामी राहणार हे विचारत काका गावोगाव हिंडतात. पोरगी बघायला आलेत असं समजून एका घरी त्यांना चहा-पोहे मिळाले, ते खाऊन त्यांनी बांधाची उंची विचारली. मग तारखा. मोहफुलाच्या दिवसांत नाही, तेंदूपत्त्यात नाही, भीमजयंतीला नाही, अहेरीच्या बाजाराच्या दिवशी तर नाहीच, कारण मोडलेली गाडी जोडून देणारा वेल्डर त्या दिवशी तिथे कोंबडे घ्यायला जातो. वगळता वगळता हिवाळ्यातले तीन रविवार उरतात.

आणि स्पर्धक? दोन. एक काका, दुसरे मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावातले निवृत्त मास्तर. पहिला आणि दुसरा नंबर इतकी वर्षं या दोघांतच फिरत राहिला, आणि दर वेळी दुसऱ्याने पहिल्यावर लबाडीचा आरोप केला. यंदा पावसाळ्यात मास्तरांचे गुडघे गेले आणि त्यांची मुलगी त्यांना रायपूरला घेऊन गेली. काकांच्या यादीत तरी त्यांचं नाव वरच होतं. मी विचारलं तर म्हणाले, "येते तो. मले तो नाई म्हनला का?" मास्तर काहीच म्हणाले नव्हते, हा काकांचा पुरावा. दुसरा गडी नसला तर रेस नाही. एकट्याने पळवली तर ती नुसती सवारी.

मला हे बघवेना. म्हटलं, नवे स्पर्धक जमवू, पत्रक मी लिहिते. इथेच चुकलं. मला पत्रक एकाच पद्धतीने लिहिता येतं, मोर्चाच्या. 'चलो मुलचेरा! किती दिवस खड्डे सोसायचे? जुन्यांना न्याय मिळालाच पाहिजे!' मोटरसायकल हा शब्द तिसऱ्या परिच्छेदात आला, आणि आमच्याकडे तिसरा परिच्छेद कोणी वाचत नाही.

त्या रविवारी बांधीवर पन्नास-साठ माणसं जमली. स्पर्धक एकही नाही. सगळे निवेदनं घेऊन आले होते. कोणाची एसटी बंद, कोणाचं घरकुल अडलेलं. हेल्मेट घालून रेस सुरू करायच्या दोरीजवळ उभा असलेला माणूसच मोठा साहेब, अशी सगळ्यांची खात्री पटली. मासेमारी करणाऱ्या एका ढिवर आजोबांनी कागद पुढे केला, "भाऊ, तलावाच्या ठेक्याचं इथीच द्याचं ना?" काकांनी हेल्मेट काढलं आणि कागद त्यात ठेवला. "ह्या पोरीपाशी द्या," ते म्हणाले. "साहेब लोकं इलेच भेतेत."

दुपार झाली तरी ते दोरीजवळून हलले नाहीत. शेवटी त्यांनी मास्तरांना फोन लावला. मी शेजारीच होते. गुडघे आता वाकणार नाहीत, मुलीने खोली सजवून दिली आहे, घराची चावी शेजारी ठेवली आहे, एवढं मास्तरांनी सांगितलं आणि गावात थंडी पडली का ते विचारलं. काका म्हणाले, पडली.

मला माझाच राग आला. म्हटलं, दुसरं पत्रक काढते, या वेळी नीट.

"नको," काका म्हणाले. "हे मागनी करून भेटाचं नसते, पोरी."

लोक पांगल्यावर ते गाडी घेऊन मास्तरांच्या घरी गेले, मी मागे बसून. शेजाऱ्याकडून चावी घेतली, पडवीतल्या मास्तरांच्या गाडीवरची ताडपत्री काढली, प्लग पुसला, आपल्या टाकीतलं थोडं पेट्रोल तिच्यात घातलं. किती किका मारल्या कोण जाणे, पण ती सुरू झाली. मग काकांनी आपलीही गाडी तिच्या शेजारी नेऊन चालू ठेवली. दोन्ही इंजिनं धडधडत होती, अंगण धुराने भरलं होतं, आणि काका दोघींच्या मधे उकिडवे बसून कान देऊन ऐकत होते.

बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "त्याच्याच मशीनचा आवाज साफ हाय. पयला तोच."

मग आधी त्यांनी स्वतःची गाडी बंद केली.