पन्नास वेळा धुतलेली चादर

हेडविगा चोवीस वर्षं कापड धूत होती. घरचं नव्हे, कारखान्याचं. आमच्याकडे लाबोरेत्स नदीकाठी नायलॉनचा धागा निघतो. वितळलेल्या नायलॉनमध्येच चांदीची पूड मिसळायची, म्हणजे जंतू मारायचा गुण धाग्याच्या अंगात मुरतो, धुण्यात जात नाही. तो खरंच मुरलाय का, हे हेडविगा बघायची. कापड पन्नास वेळा धुवायचं, त्यावर जंतू सोडायचे, दुसऱ्या दिवशी मोजायचे. शेजारी बिनचांदीचं साधं कापडही तसंच धुवायचं. त्यावर जंतू वाढलेच पाहिजेत, नाहीतर परीक्षा खोटी.

यंदा एका इस्पितळाला भाजलेल्या रोग्यांसाठी चादरी हव्या होत्या. धागा नवा, चांदी कमी घातलेला. नेमकं तेव्हाच हेडविगाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि धुणं तिच्या हाताखाली काम करणाऱ्या माझ्या गळ्यात पडलं.

"ओतिलिया, साबण मोजून घाल. बाकी काही करू नकोस," ती जाताना म्हणाली.

दहा धुण्यांत कापड पापडासारखं कडक झालं. असलं धुणं दोरीवर दिसलं, तर आमच्याकडच्या शेजारणी सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी घरून लव्हेंडरच्या वासाचं कंडिशनर आणलं आणि दर धुण्याला टोपणभर ओतलं.

निकाल आला. एकही जंतू नाही. साध्या कापडावरही नाही! मला वाटलं, हाताला गुण असतो तो असा. कारखान्याच्या ह्रिचकोसाहेबांनी साध्या कापडाचा निकाल पाहिलाच नाही, बोरोविच्का दारूची बाटली उघडली आणि सगळ्यांना पाजली.

त्याच आठवड्यात हेडविगा पोट धरून कामावर आली. तिने कापड नाकाशी नेलं.

"अगं बये! कंडिशनर स्वतःच जंतू मारतं गं. आता चांदीने मारले की तू, कोणी सांगायचं?"

ती तडक साहेबांकडे गेली. मागोमाग मी.

"साहेब, पुन्हा धुवावं लागेल. तीन आठवडे."

"सोमवारी इस्पितळाला निकालाचा कागद द्यायचाय, हेडविगाबाई! धागा चांगलाच असणार. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय."

"कोणी केला हा शहाणपणा?"

मी बोलणारच होते, असं मी नवऱ्याला सांगितलंय. खरं तर मी खिडकीबाहेर बघत होते.

"विभाग माझा, चूक माझी," हेडविगा म्हणाली.

तिने टाके सांभाळत पुन्हा पन्नास वेळा धुतलं. साधं कापड जंतूंनी भरलं. चांदीचंही जवळजवळ तितकंच भरलं. यावर कोणी सोललेल्या अंगाने झोपलं असतं. मागणी गेली. निवृत्तीला सात महिने असताना साहेबांनी हेडविगाला खोकी बांधायला पाठवलं.

तिच्या जागी मला बसवलं. मी अजून साहेबांना काही सांगितलेलं नाही.