पातळ दूध

आईच्या दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, नख तिरपं करायचं आणि थेंब ओघळला की म्हणायचं, "पाहा वं, पयते कसं. पानी आहे पानी." ही आमच्या इन्चार्जबाईंची परीक्षा. त्या परीक्षेत एकही आई पास झालेली मी पाहिली नाही.

मी तेव्हा नागपुरातल्या एका इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत नर्स होते. बाई मला कधीच आवडल्या नाहीत, आजही आवडत नाहीत. स्वतःच्या हातगुणावर देवापेक्षा जास्त विश्वास असलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. डॉक्टर बजावून जायचे, फक्त आईचं दूध, नळीने. त्यांची पाठ वळली की बाई त्या दुधात पावडर कालवायच्या आणि वर ग्लुकोज ढवळायच्या. "दाट दूध अंगी लागते," म्हणायच्या. बाळाला कापसात गुंडाळावं मात्र त्यांनीच. हे कबूल करतानाही माझ्या जिवावर येतं.

पारशिवनीकडच्या एका बाईचं पहिलं बाळ आमच्याकडे होतं, तळहातावर मावेल एवढं. त्याचे लंगोट सारखे भिजू लागले, टाळू खोल गेली. मी लघवी तपासली. निळं औषध उकळताच विटकरी झालं, म्हणजे लघवीतून साखर जात होती.

"बाई, ग्लुकोज बंद करा," मी म्हणाले.

"काहून? साखर अंगी लागून राहिली त्याच्या. तू मले शिकवू नको."

मी सरळ डॉक्टरांना बोलावून आणलं. रक्तातही साखर फार वाढली होती. त्यांनी ग्लुकोज थांबवलं, सलाइन लावलं, पण बाळ पार सुकलं होतं. संध्याकाळी ते गेलं.

बाई त्या आईजवळ गेल्या. मला वाटलं, धीराचे दोन शब्द बोलतील.

"तुहं दूधच पातळ होतं वं," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाईंना फैलावर घेतलं, पण ते दार लावून. मी त्या आईला खरं काय ते सांगायला धावले, तोवर तिची माणसं तिला घेऊन गेली होती. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

पुढे बाई रिटायर झाल्या. त्यांच्या हारतुऱ्यांना मी गेले नाही.

त्यानंतर ती पारशिवनीची बाई पुन्हा आमच्याच इस्पितळात बाळंत झाली. मुलगी पूर्ण दिवसांची, गुटगुटीत, भुकेने रडत होती. आईची चोळी दुधाने भिजली होती, पण ती लेकीला जवळ घेईना.

"घे ना वं तिले पदराखाली," मी म्हणाले.

"नाही सिस्टर. माह्या दुधानं पहिला गेला. इले डब्याचंच द्या."