फोटोत मुसलमान दिसला पाहिजे

"फेटा काढा आणि ही टोपी घाला."

साहेबांच्या ऑफिसातला तरुण क्लार्क बोलला. हातात पांढरी जाळीची टोपी, प्लास्टिकच्या पिशवीतली, कोरी करकरीत. मी अजून खाली वाकून पिना गोळा करत होतो. व्यासपीठावरच्या सगळ्या पाहुण्यांना मीच फेटे बांधले होते. उरलेल्या कापडाचा एक माझ्याही डोक्यावर होता. बिनफेट्याचा फेटेवाला म्हणजे बिनमिशांचा हवालदार.

मी विचारलं, "का ओ, ह्याला काय झालं?"

"चाचा, तुम्ही अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी म्हणून बसणार ना वर? फोटोत मुसलमान दिसला पाहिजे."

मी हसलो. धंद्याचं हसू ते, आपोआप येतं. आणि टोपी घातली.

आता माझ्याबद्दल सांगतो. सोलापुरात माझ्या हाताखालून गेलेली डोकी मोजायची म्हटली तर जनगणनेची माणसं आणावी लागतील. एकदा वरातीत वावटळ आली. मांडव उडाला, बँडवाल्याचा ढोल उडाला, घोडा चार हात वर जाऊन आला, नवरदेवाचा फेटा तसूभर हलला नाही. दुधनीच्या एका नवरदेवाला तर असा घट्ट बसवला की लग्नानंतर तीन वर्षं त्याला बायकोचं ऐकूच आलं नाही. सोन्यासारखा संसार झाला. गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या भागातल्या मंडळाची अख्खी लेझीम माझ्याच फेट्यात निघायची. भगवा बांधताना मला कुणी जात विचारली नाही. मीही कापडाला विचारली नाही.

पण त्या दिवशी सभागृहात फलक होता. धार्मिक अतिरेकापासून युवकांचे संरक्षण आणि सामाजिक एकात्मता. सरकारची नवी योजना, साहेबांच्या ऑफिसकडं आलेली. भरकटू शकणाऱ्या पोरांना मुख्य प्रवाहात आणायचं. आमच्या गल्लीत नळाला चार दिवसाआड पाणी येतं, पण मुख्य प्रवाह थेट घरापर्यंत आला की.

मी खुर्चीत बसलो. टोपी कानाला टोचत होती. समोर बघितलं. पहिल्या रांगेत अधिकारी, त्यांच्या बायका, कुणाकुणाची पोरं. मागच्या डाव्या बाजूला कॉलेजची मुलं-मुली. कॉलेजातनं मुसलमान तेवढी निवडून आणलेली. आणि त्यांच्यात माझी लेक, आफरीन.

सकाळी घरातनं डबा घेऊन गेली होती. मला वाटलं, वर्गात असेल.

ही पोरगी म्हणजे तोफ. वक्तृत्वाच्या स्पर्धेत उभी राहिली की परीक्षक पाणी मागायचे. माईक बंद पडला तरी हिचा आवाज विजापूर वेशीपर्यंत जायचा. मी थापा मारतो, पण ही थाप नाही. शोकेसमध्ये ढाली मावत नाहीत म्हणून तिच्या आईनं दोन तांदळाच्या डब्यावर ठेवल्यात.

साहेबांनी भाषण केलं. मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "हे बघा. हे आपले चाचा. असे मुसलमान हवेत." टाळ्या पडल्या. फ्लॅश पडला.

नंतर ते माईक घेऊन खाली उतरले. डाव्या बाजूला गेले. बोट फिरवलं आणि आफरीनवर थांबवलं.

"तू. उभी राहा बाळ. घरी देशाबद्दल काय शिकवतात तुला?"

ती उभी राहिली.

"घाबरू नको. मोकळेपणानं सांग. देशावर प्रेम आहे ना?"

"आहे, सर."

"मागे ऐकू गेलं नाही. मोठ्यानं."

"आहे."

माझ्या पोरीचा आवाज. परीक्षकांना पाणी मागायला लावणारा. त्या माईकमधनं मुंगीएवढा बाहेर आला.

"शाब्बास. वडील काय करतात?"

"फेटे बांधतात."

"कुठं असतात?"

तिनं वर बघितलं. माझ्याकडं. टोपीकडं. परत माझ्याकडं. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "कामावर असतात."

तिनं मला ओळख दिली नाही.

मला कुणी आजवर कमी बोललेलं नाही. एका लग्नात नवरीच्या मामानं सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली होती, फेट्याचा रंग चुकला म्हणून. ते घरी जाईपर्यंत विसरलो. पण पोरीनं मान खाली घातली ना, तेव्हा आत काहीतरी तुटलं. ते अजून जुळलेलं नाही. ती लाजली का माझी, का मला त्या सगळ्यातनं लपवत होती, मला आजही माहीत नाही. विचारायची छाती झाली नाही.

साहेब म्हणाले, "वडिलांना घेऊन ये. योजनेत पालकांची हमी घेतोय आम्ही. मुलगी वाकड्या मार्गाला जाणार नाही, अशी."

मी उठलो.

"मीच बाप हाय."

साहेबांचा चेहरा खुलला. "अरे वा! मग तर उत्तमच. चाचा, द्या हमी. इथंच, सगळ्यांसमोर."

"देणार न्हाय."

साहेबांनी माईक खाली घेतला.

"म्हणजे?"

"पोरीनं काय केलंय ते सांगा आधी."

"काही केलेलं नाही हो. करू नये म्हणून तर आधीच काळजी."

"मग ह्या पुढच्या रांगेतल्या पोरांची हमी कोण देतंय, साहेब? त्यांनी पण काय केलेलं न्हाय की."

क्लार्क माझ्या बाहीला धरून कुजबुजला, "चाचा, बसा. साहेब चांगले आहेत. तुमच्यासाठीच चाललंय हे."

मी टोपी काढली, त्याच्या हातात दिली आणि खाली उतरलो. आफरीन माझ्याकडं बघत नव्हती. डबा छातीशी धरून पुढं चालत होती. बाहेर उन्हात आल्यावर एवढंच म्हणाली, "अब्बा, घर कू चलो."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. टोपीतला मी, हसणारा. खाली लिहिलं होतं, सलोख्याचा आदर्श.

संध्याकाळी अंबादास आला. मंडळाचा अध्यक्ष. आम्ही एकाच मागाच्या कारखान्यात लहानाचे मोठे झालो. त्याच्या आईनं मला तेलुगूत शिव्या शिकवल्या. तो चहा न घेता बसला.

"वस्ताद, लई ताणलंस. साहेबाच्या तोंडावर?"

"तू असतास तर तुझ्या पोरीची हमी दिली असतीस का?"

"माझ्या पोरीची कोण मागतंय?" तो बोलून गेला. मग चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत बसला. उठताना म्हणाला, "मंडळाच्या पोरांनी यंदा दुसरा फेटेवाला बघितलाय. मी नको म्हणत होतो."

मिरवणूक आमच्याच रस्त्यावरनं गेली. लेझीम ऐकू येत होती. मी खिडकी लावून घेतली.

आफरीननं यंदा स्पर्धेला नाव दिलं नाही. घरात बोलते, पण हळू. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा कुजबुजून सांगते. तोफ होती हो ती.

परवा चौकीतला हवालदार दारात आला. ओळखीचा माणूस. त्याच्या लग्नात फेटा मीच बांधला होता. "चाचा, पुन्हा कार्यक्रम हाय. पोरीला पण आणा. साहेब म्हणतात, झालं गेलं विसरा. हमीचं तेवढं मिटवून टाका."

आतल्या खोलीतला पंखा बंद झाला. आफरीन ऐकत होती.

मी म्हणालो, "फेटे बांधायचे असतील तर मी येतो. कुणाचंही डोकं असू दे. मुसलमान म्हणून खुर्चीत बसायला येणार न्हाय. पोरगी येणार न्हाय."

"आणि हमी?"

"हिनं काय केलं तर कोर्ट हाय, कायदा हाय, हिला शिक्षा करा. ती ह्या देशाची नागरिक हाय, माझ्या जामिनावर सुटलेली न्हाय. साहेब बदलू दे, योजनेचं नाव बदलू दे, माझा धंदा बुडू दे. हमी मिळणार न्हाय."