उतारावर ती चालत होती

माझी मैत्रीण टॅम्पिनीसला राहायची आणि मी क्वीन्सटाउनला. मध्ये जवळजवळ अर्धं सिंगापूर. तरी दर शनिवारी, उजाडायच्या आत, मी ईस्ट कोस्टच्या बागेतून सायकल मारत बेडोकच्या धक्क्यापाशी पोचायचे आणि ती तिथे आधीच येऊन उभी असायची. मला उशीर झाला तर काही बोलायची नाही, नुसती घड्याळाकडे बघून हसायची.

दोघींनीही चाळिशीनंतर रस्त्यावर सायकल चालवायला सुरुवात केली होती. तिचा नवरा जहाजावर चीफ इंजिनीअर. सहा महिने समुद्रावर, तीन-चार महिने घरी. मुलगी शाळेत. मी संशोधनासाठी म्हणून दोन वर्षांकरता आले आणि युनिव्हर्सिटीतली एक लॅब सांभाळत इथेच राहिले, एकटी. महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्यातरी कार्यक्रमात आमची ओळख झाली. पुरणपोळीच्या रांगेत तिने माझ्या हातावरचा उन्हाने काळवंडलेला पट्टा बघून विचारलं होतं, "सायकल का?"

आम्ही विमानतळामागच्या लांब सरळ रस्त्याने जायचो. तिथे पहाटेसुद्धा लॉऱ्या असतात. मागून घरघर ऐकू आली की ती "आली गं!" असं ओरडायची आणि आम्ही दोघी डाव्या कडेला चिकटायचो. शेवटी चांगी व्हिलेजच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मांडवात, प्राटा हा तिथला पराठा आणि दोन ग्लास तेह, म्हणजे दुधाचा चहा. एकदा तिथेच बसल्या बसल्या ती म्हणाली, "जिथे सारखं मागे कान लावावे लागत नाहीत असा रस्ता असेल का गं कुठे?"

ती सहज बोलली होती. मी ते मनावर घेतलं. शोधता शोधता फ्रान्समधल्या खेड्यांना जोडणाऱ्या छोट्या रस्त्यांपर्यंत पोचले. नकाशावर ते पांढऱ्या दोऱ्यासारखे दिसतात, आणि त्यांच्यावरून दिवसाला दहा-बारा गाड्या जातात, असं लोकांनी लिहिलेलं होतं. तीन वर्षं मी ती सहल आखली. कधी तिच्या नवऱ्याचं जहाज, कधी माझी रजा, काहीतरी आडवं यायचंच. शेवटी एका जूनमध्ये जमलं. शाळेला सुट्टी, नवरा घरी. मी नऊ दिवसांचा तक्ता केला होता. कुठून कुठे, किती किलोमीटर, किती चढ, कुठल्या गावात दुकान आहे आणि ते किती वाजता बंद होतं.

बर्गंडी प्रांतातल्या एका गावात आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. तिथे गाड्या उजवीकडून जातात, पण पहिल्या दिवशी दोघीही सवयीने डावीकडून जात होतो. चुकतंय हे सांगायलासुद्धा समोरून कोणी येत नव्हतं. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, कडेला खसखशीची लाल फुलं, कुंपणापलीकडे मोठाल्या पांढऱ्या गाई. पोस्टाची पिवळी गाडी गेली, तिच्या ड्रायव्हरने हात केला, आणि मग तासभर काहीच नाही. इतकं शांत होतं की मला तिच्या सायकलची साखळी ऐकू यायची, तिचा श्वास ऐकू यायचा. ती मागून ओरडली, "अगं, कान रिकामे झाले माझे!" आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

दुसऱ्या दिवसापासून ती मागे पडायला लागली.

सिंगापूरमध्ये तीच माझ्या पुढे असायची. इथे चढावर तिचा डावा पाय पेडलवरून घसरायचा. "बुटांचा तळ गुळगुळीत झालाय," ती म्हणाली. पाण्याच्या बाटलीचं झाकण तिला उघडेना, तेव्हा मी उघडून दिलं आणि म्हणाले, "काय नाजूक झालीस गं!" ती हसली. तिसऱ्या दिवशी एका लांब उतारावर मी खाली पोचून वाट बघत थांबले, तर ती सायकल ढकलत चालत येत होती. उतारावर! ज्या उतारासाठी माणूस तासभर चढ चढतो, तिथे.

"अगं, काय झालं?"

"ब्रेक जरा कडक आहेत."

मी दाबून बघितले. मला तर लोण्यासारखे वाटले.

तिच्यामुळे आमचा तक्ता कोलमडला. त्या गावांमध्ये एकच दुकान असतं आणि ते दुपारी साडेबाराला बंद होतं. सलग दोन दिवस आम्ही बंद दारासमोर उभ्या राहिलो आणि बिस्किटं खाऊन पुढे निघालो. पाचव्या दिवशी तिसऱ्यांदा तेच झालं. चर्चच्या पायरीवर बसून ती शांतपणे माझ्यापुढे बिस्किटांचा पुडा धरत होती आणि माझा तोल गेला.

"तुला यायचंच नव्हतं तर आधी सांगायचं होतंस. तीन वर्षं आखतेय मी हे. उतारावर चालत येतेस! कोण चालतं उतारावर?"

तिने पुडा मिटून पिशवीत ठेवला. एका हाताने, सावकाश. मग म्हणाली, "तू हो पुढे. मी येते."

मी झाले पुढे. पंचवीस किलोमीटर राहिले होते. पहिली काही मिनिटं मला तिची साखळी ऐकू येत होती. मग एका वळणानंतर ऐकू येईनाशी झाली. मी थांबले नाही. उलट जोरात मारली सायकल. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

तीनच्या सुमारास मी मुक्कामाच्या ठिकाणी पोचले. एका शेतकरी बाईच्या घरातली खोली होती. मी आंघोळ केली, अंगणात बसले. बाईने ब्रेड, चीज आणि चेरीचा वाडगा आणून ठेवला आणि दोन बोटं दाखवून भुवया उंचावल्या. मी रस्त्याकडे हात केला, म्हणजे येतेय. पाच वाजले. सहा वाजले. फोनला रेंज नव्हती. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधाराची भीती मी मनात येऊ दिली नाही. ती अनोळखी बाई दोन वेळा फाटकापर्यंत जाऊन बघून आली. मी खुर्चीतून उठले नाही. चेरी खात राहिले.

साडेसातला ती आली. सायकल ढकलत. गुडघा सोललेला, डाव्या तळहाताची साल निघालेली.

"पडले," ती म्हणाली आणि हसली.

त्या बाईनेच पाणी आणलं, जखमा धुतल्या. मी फक्त विचारलं, "जेवणार ना?"

राहिलेले दिवस मी तिच्या वेगाने सायकल चालवली. मी तिच्याशी फार चांगली वागले. दार उघडून धरायचे, बॅग उचलायचे, "दमलीस का?" विचारायचे. परक्या पाहुण्याशी वागतात तसं. रस्ते तेच होते, गाई त्याच होत्या. मला आता तिची साखळी ऐकू यायची तेव्हा नकोशी वाटायची.

परत आल्यावर शनिवारचं बंद झालं. आधी तिने गुडघ्याचं कारण सांगितलं, मग मुलीच्या परीक्षेचं. मीही आग्रह केला नाही. सप्टेंबरमध्ये तिच्या मुलीचा मेसेज आला, "आँटी, कॅन यू कम?"

मी गेले. त्यांच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी बाकावर ती बसली होती. शेजारी काठी, मागे मुलगी उभी. तिने सरळच सांगितलं. मेंदूकडून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत. हात, पाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही.

मुलगी म्हणाली, "आँटी, मम्मीचा हात फ्रान्सच्या आधीच वीक होता. बिफोर दॅट ऑल्सो लाइक दिस. शी हाइड ओन्ली, लाह." आणि ती लिफ्टकडे पळत गेली.

"खरंय?" मी विचारलं.

"शर्टाची बटणं लागत नव्हती. काहीतरी आहे हे कळत होतं. डॉक्टरकडे गेले असते तर जाणं रद्द झालं असतं. मला जायचं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रद्द केलं असतंस."

केलं असतंच. मी तिचा डावा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी असतो तो मांसल उंचवटा राहिलाच नव्हता, तिथे खड्डा पडला होता. नऊ दिवस हा हात माझ्यासमोर होता.

"त्या दिवशी मी तुला सोडून गेले," मी म्हणाले. "तुला राग आला असेल."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, छे गं. ती तशी होती.

"आला होता," ती म्हणाली. "खूप आला होता. पडल्यावर मला उठता येत नव्हतं. गवतात पडून राहिले. एकही गाडी आली नाही. शांत रस्ता पाहिजे होता ना मला!" तिने काठी जवळ ओढली. "आता तेवढा राग नाही. पण आहे."

मी "माफ कर" म्हणाले. तिने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी मी एमआरटी मेट्रोने टॅम्पिनीसला जायचे. आधी काठी घेऊन, मग व्हीलचेअरवर, आम्ही कालव्याकाठच्या वाटेने फिरायचो. सायकलवाले घंटी वाजवत जायचे आणि ती त्यांच्या गिअरना नावं ठेवायची. बोलणं जड होत गेलं तशी मी जास्त बोलायला लागले, तर एकदा तिने हाताने गप्प राहा अशी खूण केली. पुढच्या वर्षी नवऱ्याने जहाज सोडलं आणि ते सगळे पुण्याला गेले. तिथे घरची माणसं होती, मदतीला बाई मिळाली असती. चांगी विमानतळावर मी तिच्या गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळला. तिला काहीतरी सांगायचं होतं. तीन वेळा प्रयत्न केला. मला समजलं नाही. मुलीने खाली वाकून ऐकलं आणि म्हणाली, "शी से, स्कार्फ टू टाइट."

पुण्यात ती चौदा महिने जगली.

अंत्यविधीला मी पोचू शकले नाही. महिन्याभराने गेले. तिचा नवरा एकटाच घरी होता. मुलगी क्लासला गेली होती. चहा ठेवता ठेवता तो म्हणाला, "ताई, फ्रान्सचं सांगा ना. ती फक्त गाई आणि फुलं सांगायची."

मी सगळं सांगितलं. बाटलीचं झाकण, उतार, चर्चची पायरी, चेरी. काही गाळलं नाही. चहा उकळून ओतू गेला तेव्हा त्याने गॅस बंद केला. मग माझ्याकडे पाठ करून तो ओट्यावर सांडलेला चहा पुसायला लागला. मला वाटलं, आता हा मला जायला सांगेल.

"तुम्ही निघायच्या आधी तीन आठवडे मी घरी होतो," तो म्हणाला. "रोज समोर बसून जेवत होतो. मलाही दिसलं नाही."

मग त्याने पातेलं धुऊन नव्याने चहा ठेवला. तो पिऊन झाल्यावर मला आतल्या खोलीत नेलं आणि तिचं कपाट उघडून दिलं. ते कोणाला आवरू दिलं नव्हतं, तुम्ही येणार म्हणून ठेवलं, असं म्हणाला. आम्ही दोघं जमिनीवर बसून घड्या घालायला लागलो. बटणांचे शर्ट एका बाजूला, बाकीचं दुसऱ्या.